नकाशात आमची वस्ती कुठाय?

वॉर्ड ऑफिसच्या जिन्याजवळ नकाशा लावला होता. भिंतभर. पिवळा रंग राहत्या घरांचा, निळा धंद्याचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागांचा. मी आधी नाला शोधला. नाला सापडला की वस्ती सापडते, हा आम्हा झोपडपट्टीवाल्यांच्या भूगोलाचा पहिला धडा. नाल्याच्या डाव्या अंगाला आमची सातशे घरं, एक विहार, संडासाच्या दोन रांगा, पिठाची गिरणी, बालवाडी, बाबासाहेबांचा अर्धपुतळा. नकाशात तिथं नुसता हिरवा चौकोन. टेबलामागच्या साहेबाला म्हटलं, "साहेब, इथं आमची वस्ती आहे." तो मान वर न करता म्हणाला, "तिथं आरक्षण आहे."

मला हसूच फुटलं. सरकारी माणूस आपण होऊन आम्हाला आरक्षण देतोय, हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अहो, गार्डनचं आरक्षण," तो म्हणाला आणि खिडकीकडं वळला.

दोस्तहो, आपल्याला एकच आरक्षण पाठ आहे. नोकरीतलं, शाळाकॉलेजातलं. त्यावर कुणी बोट उचललं की आपण रस्त्यावर उतरतो. उतरलंच पाहिजे. पण आरक्षण नावाची दुसरी एक चीज आहे, ती नकाशात असते. कुठं शाळा, कुठं दवाखाना, कुठं स्मशान, कुठं बाग, कुठून रस्ता जाणार, हे त्या आरक्षणानं ठरतं. बिल्डरला ते तोंडपाठ असतं. नगरसेवकाला असतं. आमच्या गल्लीतल्या बी.ए. झालेल्या पोरांना (त्यात मीही आलो) त्याचा गंधसुद्धा नव्हता. आपण पहिल्या आरक्षणाची राखण करत बसलो आणि दुसऱ्या आरक्षणानं पायाखालची जमीन नेली.

हा सगळा खेळ ज्या कायद्यानं चालतो त्याचं नाव महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. अख्ख्या प्रदेशाची योजना आणि शहराचा पुढच्या वीसेक वर्षांचा आराखडा या कायद्याखाली ठरतो. आधी म्हणे सर्वेक्षण. मग साहेबलोक प्रारूप आराखडा बनवतात. मग तो भिंतीवर टांगतात आणि म्हणतात, या, तुमच्या सूचना आणि हरकती द्या. याला ते लोकसहभाग म्हणतात. म्हणजे स्वयंपाक झाला, पंगत बसली, वाढपी फिरून गेले आणि उकिरड्याजवळ बसलेल्याला विचारायचं, बाबा रे, मीठ बरोबर पडलंय का?

मुंबईचा पहिला असा आराखडा १९६७ साली मंजूर झाला, दुसरा १९९१ ते १९९४ च्या दरम्यान तुकड्यातुकड्यानं, तिसरा २०१८ साली. तिसऱ्याची कथा ऐकण्यासारखी आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत त्याचं प्रारूप बाहेर पडलं. काही स्टेशनांच्या आसपास एफएसआय आठपर्यंत न्यायचं त्यात होतं. आणि चुका इतक्या की हसावं की रडावं. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा इमारती गायब, देवळं-चर्चं भलत्याच रंगात. हरकतींचा पाऊस पडला. पासष्ट हजारांच्या वर. त्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडाच मागं घेतला आणि दुरुस्तीला पाठवला.

म्हणजे लोक बोलले तर आराखडा पडतो. ही गोष्ट मनात कोरून ठेवा.

पण पेपरात कुणाचा आवाज छापून आला? बंगल्यातल्या बाईंचा, जिमखान्याच्या मेंबरांचा, निवृत्त साहेबांचा. त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. पण २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या हद्दीत बावन्न लाखांच्या आसपास माणसं झोपडपट्टीत राहतात असं सरकारच सांगतं. दर दहांतली चार. या चारांच्या वस्त्यांत शाळा किती, दवाखाना कुठं, मुतारी कुठं, याचं नियोजन आराखडा करतच नाही. झोपडपट्टी दिसली की भोवती रेघ ओढायची आणि म्हणायचं, हा एसआरएचा विषय. एसआरए म्हणजे बिल्डर. बिल्डर म्हणजे सात मजले, चौदा मजले, बावीस मजले आणि दोन बिल्डिंगांच्या मधे हात लांब केला तर शेजाऱ्याच्या खिडकीला लागेल एवढी जागा. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहती बघून या. नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांना दिवसा दिवा लावावा लागतो. घरात ऊन नाही, वारा नाही, म्हणून तिथं टीबी ठाण मांडून बसलाय, असं २०१८ साली डॉक्टर लोकांनी अभ्यास करून लिहिलं. झोपडीत होतो तेव्हा निदान दारात ऊन यायचं.

माहुलचं तर विचारूच नका. रिफायनरीच्या धुराड्याखाली प्रकल्पग्रस्तांना नेऊन टाकलं. तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं पाडली आणि म्हणाले, ही घ्या पक्की घरं. माणसं खोकून खोकून बेजार झाली, रस्त्यावर बसली, कोर्टात गेली. २०१९ साली हायकोर्टानं सांगितलं, तिथं राहायची सक्ती करू नका, दुसरीकडं घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं द्या. कोर्टाला कळलं ते आराखडा करणाऱ्याला कळलं नसेल? कळलं होतं. विचारायचं कुणाला हेही ठरलं होतं. ज्यांना विचारायचं त्यांच्या यादीत आम्ही नव्हतो, इतकंच.

एसआरएत संमतीची अट होती, शंभरातले सत्तर रहिवासी हो म्हणाले तर योजना. २०१८ साली ती एक्कावन्नवर आणली. सत्तरांची मनं वळवायला वेळ लागत होता, एक्कावन्नांना पटकन घेता येतं. घेणारे कोण? सांगतो. निळा झेंडा खांद्यावर टाकून फिरणारे आपलेच काही दादा. कमिटीचे चेअरमन. रात्री बिल्डरच्या ऑफिसात, सकाळी विहारात. जयंतीची वर्गणी कुठून आली हे विचारायचं धाडस आपल्यापैकी किती जणांनी केलं? मी केलं नाही. दोन वर्षं त्याच मंडपात नाचलो.

धारावीत तर माणसाची किंमत तारखेवर आली. १ जानेवारी २००० च्या आधीचा असशील, तळमजल्यावरचा असशील, तर तू पात्र, तुला धारावीत साडेतीनशे चौरस फूट. त्यानंतरचा असशील, पोटमाळ्यावरचा असशील, तर तू बाहेर. बाहेर म्हणजे कुठं? त्यासाठी मिठागराच्या जमिनी निघाल्या, देवनारच्या कचरा डेपोची १२४ एकर जागा निघाली. चामडं कमावणाऱ्या, मडकी घडवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसानं शेवटी कचऱ्यावरच जाऊन राहायचं! मनूनं गावाबाहेर घालवताना कट-ऑफ डेट तरी लावली नव्हती.

आता मुंबईच्या बाहेर बघा. मुंबईत जागा पुरेना, म्हणून आराखडा खाडी ओलांडून गेला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरणकडची ९५ गावं नवी मुंबईसाठी घेतली. भातशेती, मिठागरं, खाडीची मासळी, सगळं. आगरी-कोळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दि. बा. पाटलांच्या मागं उभं राहून लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच माणसं पडली. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. लाल सलाम नाही म्हणायचा तर जयभीम म्हणून सलाम करतो. लढून घेतलेली गोष्ट आहे ती.

पण गणित करा. साडेबारा टक्के कशाचे? गेलेल्या जमिनीचे. सातबारा मोठा त्याचा तुकडा मोठा. ज्याच्या नावावर गुंठासुद्धा नाही, त्याचे साडेबारा टक्के किती? त्याच गावांच्या कडेला बौद्धवाडी होती. डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी होती. मिठागरात पाय कुजवणारा मजूर होता. जमीन गेली तेव्हा यांची मजुरी गेली. लावणी गेली, झोडणी गेली, खाडीत पाग टाकायची जागा गेली. यांचं जे गेलं त्याचा उतारा तलाठ्याकडं निघत नाही. यांना काही मिळायचं तर ते या गणिताबाहेर, मेहरबानी म्हणून.

आगरी भावांनी हे वाचून रागावू नये. आपलं नातं जुनं आहे. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबागजवळच्या चरीत कुळांनी खोतांच्या विरोधात संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, कंदमुळं खाऊन राहिले. नारायण नागू पाटलांच्या त्या संपाच्या पाठीशी बाबासाहेब उभे होते. १९३७ साली खोती मोडायचं बिल त्यांनी असेंब्लीत आणलं, १९३८ साली शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या झगड्यातून पुढं १९४८ चा कूळकायदा, १९५७ चा कृषिदिन. कूळ मालक झालं. चांगलंच झालं. पण कुळाच्या खाली जो मजूर होता तो मजूरच राहिला. आणि नियोजनवाले आले तेव्हा त्यांनी कागद बघितला. कागदावर कूळ होतं, मजूर नव्हता.

आता तोच खेळ पुन्हा मांडलाय. अटल सेतूच्या पलीकडं तिसरी मुंबई. उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतली १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. २०२४ साली एमएमआरडीएला तिथलं नवनगर प्राधिकरण केलं. गावागावांतून हरकती गेल्या. त्याच वर्षी नीती आयोगानं सांगितलं की मुंबई महानगर प्रदेशाची उलाढाल १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायची. तीनशे अब्ज! आमच्या बौद्धवाडीतल्या म्हातारीला शंभर डॉलरची नोट दाखवली तर ती म्हणेल, कुणाचा फोटो आहे रे हा. त्या तीनशे अब्जांत तिचं काय, हा प्रश्न त्या अहवालापुढं ठेवला पाहिजे, आणि तो ठेवायचं काम तिच्या नातवाचं. तो नातू बेलापूर नाहीतर सानपाड्याला सिक्युरिटीच्या गणवेशात उभा आहे.

काही भले लोक म्हणतात, नियोजन ग्रामसभेच्या हाती द्या, वस्तीच्या हाती द्या, सगळं सुरळीत होईल. मी इतका भाबडा नाही. गाव म्हणजे काय ते बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत तोंडावर सांगितलंय. ग्रामसभेत ओट्यावर कोण बसतं आणि खाली उकिडवं कोण बसतं? आमच्या आईच्या माहेरी अजून बौद्धवाडीला पाणी शेवटी सुटतं. तिथं 'गावानं मिळून ठरवलं' असं कुणी म्हणालं की मला घाम फुटतो. शहरात तरी काय वेगळं? हाउसिंग सोसायटीवाला जेव्हा 'आम्ही रहिवासी' म्हणतो तेव्हा त्या 'आम्ही'त त्याच्या घरी भांडी घासणारी बाई धरलेली नसते. तिचं घर त्याच्या खिडकीतून दिसतं म्हणून तर तो हरकत घेतो.

म्हणून रहिवाशांना विचारा एवढं म्हणून भागत नाही. रहिवासी कोण, हे आधी कोण ठरवणार, त्यावर भांडण आहे. खेड्यात सातबारा नसेल तर तू रहिवासी नाहीस. शहरात फोटोपास नसेल तर तू रहिवासी नाहीस. भाडेकरू नाही, फुटपाथवरचा नाही, गटारात उतरणारा कंत्राटी सफाई कामगार नाही. बोलायचा हक्क मालकीला चिकटवलाय. आणि मालकी या देशात कुणाला कधी मिळाली नाही हे मी तुम्हाला शिकवायला नको.

गंमत अशी की खुद्द कायदा असं म्हणत नाही. १९६६ चा कायदा उघडून बघा. आराखड्यावर हरकत 'कोणतीही व्यक्ती' घेऊ शकते. मालक असा शब्द तिथं नाही. पात्र असा शब्द नाही. सातबारा जोडा असं नाही. ही फट काँग्रेसच्या राजवटीत कुणी जाणून ठेवली की चुकून राहिली, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. फट आहे. आत शिरा.

घटनेतही आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली, तिच्यात दोन तृतीयांश माणसं निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून पाठवायची. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या. २००९ साली महाराष्ट्रानं मोहल्ल्याच्या पातळीवर क्षेत्र सभांचा कायदा केला. तुमच्या गल्लीत कधी क्षेत्र सभा भरली? दवंडी ऐकली? मी तर नाही. उलट मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेला एक माणूस नसताना या शहराचा कारभार प्रशासकानं हाकला. त्या काळात किती रस्ते, किती कंत्राटं, किती पाडापाडी! आपण तेव्हा कुठं होतो? पक्षाच्या गटबाजीवर व्हॉट्सअॅपवर लढत होतो. एका नेत्याच्या दोन पिलावळी कोणाच्या बॅनरवर फोटो मोठा यावरून हाणामारी करत होत्या.

हे मला बोचतं. बुलडोझर आला की आपण येतो. दगड घेऊन, घोषणा घेऊन, छाती काढून. पण बुलडोझरच्या पंधरा वर्षं आधी एका खोलीत पेन्सिल चालते, त्या खोलीबाहेर आपल्यातला कुणी नसतो. पेन्सिल दिसत नाही, आवाज करत नाही, पोरांना तिच्यात थरार वाटत नाही. २०१५ च्या आराखड्याच्या वेळी 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' म्हणून वस्त्यांतली माणसं, बायका, फेरीवाले, बेघर एकत्र आले होते. वर्षानुवर्षं बसून त्यांनी नकाशे वाचले. पुढच्या आराखड्यात बेघरांसाठी निवारे आले, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहं आली, आधार केंद्रं आली. कागदावर आली, मान्य. पण कागदावर असलं तर मागता तरी येतं. त्या बैठकांना आपल्या चळवळीतले किती गेले? त्यांना आपण 'एनजीओवाले' म्हणून हिणवलं. हिणवण्यासारखे काही असतातही, चार्टपेपर चिकटवून, समोसा खाऊन, फोटो काढून जाणारे. पण नकाशा वाचायला शिकवणारा माणूस कोणत्याही झेंड्याचा असो, त्याच्याकडून शिकून घ्यायला आपलं काय जातं?

केरळात १९९६ साली सरकारनं नियोजनाच्या पैशातला पस्तीस-चाळीस टक्के हिस्सा सरळ ग्रामपंचायती-नगरपालिकांकडं दिला आणि गल्लीबोळातून सभा घेऊन ठरवा म्हणून सांगितलं. तिथंही सगळं आलबेल झालं नाही, आदिवासी मागंच राहिले. पण निदान पैसा आधी आणि सभा आधी, नकाशा नंतर. आमच्याकडं उलटं.

आमच्या हिरव्या चौकोनाचं काय झालं ते सांगून टाकतो. आम्ही हरकती लिहिल्या. एकाच मजकुराच्या सातशे झेरॉक्स नाही; एकगठ्ठा मजकुराची एकच हरकत धरतील अशी भीती घातली होती कुणीतरी. म्हणून घरटी वेगळी. सातवीतल्या पोरींनी आजीच्या तोंडून ऐकून लिहिल्या. एकीनं लिहिलं, 'आम्ही बागेच्या विरोधात नाही, आम्हालाही बाग पाहिजे, पण आमच्या अंगावर नको.' सुनावणीला नंबर लागायला खूप महिने गेले. बोलावलं तेव्हा कामाचा दिवस, सकाळी अकरा. ज्यांना खाडा परवडतो तेच आले, आणि आई आली. तिनं साडेतीन घरची कामं सोडली, अर्धं घर म्हणजे फक्त झाडू.

टेबलापलीकडं सातजण. कायद्यानं तीन स्थायी समितीचे, बाकी तज्ज्ञ. मी पाठ करून गेलेलं भाषण सुरू केलं, घटना, कलम, मूलभूत हक्क. दोन मिनिटांत घंटी. मग आई उभी राहिली. म्हणाली, "साहेब, बागेला पाणी कुठल्या नळाचं देणार? आमच्या नळाला पहाटे वीस मिनिटं येतं. त्यात माझं भरत नाही, झाडांचं कसं भरणार?"

तज्ज्ञांतल्या एकानं पहिल्यांदाच पेन उघडलं. वस्तीत नळ किती, विचारलं. आईनं बोटांवर मोजून सांगितलं. कुठल्या नळावर किती घरं, कुठला नळ उन्हाळ्यात सुकतो, कुठल्या वाटेनं ॲम्ब्युलन्स येत नाही, सगळं. त्याच्या फायलीत यातलं काही नव्हतं. त्यानं लिहून घेतलं. पुढं काय केलं त्याचा कागद अजून आलेला नाही.

म्हणून आता आम्हीच मोजतोय. दर रविवारी विहारात मोठा कागद अंथरतो. गल्लीची रुंदी, नळ, मोऱ्या, संडास, कोण भाड्यानं राहतं, कोण पोटमाळ्यावर, कुठली बाई कुठं कामाला जाते, पोरं कुठल्या शाळेत. पोटमाळेवाले आधी लिहायला घाबरत होते, आता स्वतःहून येतात. पाच गल्ल्या झाल्या, चार राहिल्यात. उरणकडच्या दोन बौद्धवाड्यांतली पोरं बघायला आली होती, त्यांनाही हे करायचंय, त्यांच्याकडं टेप नाही. ज्याला टेपचं एक टोक धरता येतं त्यानं रविवारी सकाळी नऊला यावं. येताना पेन्सिल आणावी, आमच्या संपल्यात.